दोन किलो आठशे

"मग डावीकडची काढून टाका की," मी म्हणालो. "धडक तर उजवीकडूनच मारतात."

खोलीत हशा पिकला. सकाळी नऊपासून आम्ही दहा माणसं एका लांबट टेबलाभोवती बसून गाडीतले ग्रॅम शोधत होतो आणि आता दुपारचा एक वाजला होता. कुणी नुसतं शिंकलं असतं तरी सगळे हसले असते. वाळिंबे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती भरेल?"

"काय, साहेब?"

"डाव्या खांबातली पट्टी. वजन किती?"

"दोन किलो आठशे," माझ्या तोंडून निघून गेलं. ती पट्टी मीच आखली होती. तिचं वजन मला स्वतःच्या वजनापेक्षा पक्कं पाठ होतं.

साहेबांनी पेन उचललं. "कल्पना, ढेरंगे," असं पुटपुटत त्यांनी समोरच्या तक्त्यावर ते लिहून टाकलं आणि टेबलाभोवतीचं हसू एकदम थांबलं.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. चाकणच्या रस्त्याला एका मोटार कंपनीत गाडीचा सांगाडा आखणाऱ्या गटात मी काम करत होतो. वय बत्तीस, डोक्यावर केस भरपूर आणि तोंडावर ताबा अजिबात नाही. आम्ही एक छोटी गाडी बनवत होतो. कंपनीने सगळा डाव तिच्या मायलेजवर लावला होता. मायलेजचा अधिकृत आकडा रस्त्यावर ठरत नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून चालवतात आणि रोलरला किती जोर लावायचा ते गाडीच्या वजनावर ठरतं. त्या वजनाच्या पायऱ्या असतात. पायरीच्या वर एक किलो जरी गेलं तरी गाडी वरच्या पायरीत धरतात, रोलर जड होतो आणि आकडा घसरतो. आमची गाडी खालच्या पायरीपासून बरोबर दोन किलो आठशे ग्रॅमने लटकली होती.

आणि ती पट्टी काय होती, तेही सांगतो. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दरवाजाच्या मधे एक खांब असतो, ज्याच्यावर सीटचा पट्टा अडकवलेला असतो. त्या खांबाच्या आत जाड पोलादाची एक पट्टी बसवलेली होती. बाजूने कुणी येऊन आदळलं तर येणारी गाडी आणि बसलेला माणूस यांच्यामधे ती वाटेत उभी असते. गाडी आपल्यासारखंच उजवीकडे स्टिअरिंग असणाऱ्या बाहेरदेशीही विकायची होती, तिथे बाजूने धडक देऊन पाहण्याची चाचणी होती. ती धडक ड्रायव्हरच्या बाजूने देतात. म्हणजे आमच्याकडे उजवीकडून. डाव्या पट्टीकडे बघणारं कुणी नव्हतं.

वजनाच्या मिटिंगला दोन नियम होते आणि दोन्ही वाळिंबे साहेबांचे. ज्याच्या तोंडून कल्पना निघेल, तिच्यापुढे त्याचं नाव लागायचं. आणि जो एखाद्या कल्पनेला हरकत घेईल त्याने तेवढंच वजन दुसरीकडून काढून आणायचं. रिकाम्या हाताने नाही म्हणायची सोय नव्हती. नियम तसा शहाणपणाचा होता. त्याआधी प्रत्येक खात्याचा माणूस आपापला भाग उराशी कवटाळून बसायचा आणि गाडी महिन्यागणिक बाळसं धरायची. साहेबांनी ते थांबवलं. त्यांच्या केबिनमधे एक छोटा वजनकाटा असायचा, त्याच्यावर ते स्क्रू, नट, कधी कधी स्वतःचं पाकीटही ठेवून बघायचे. माणूस देवभोळा नव्हता, पण ग्रॅमवर त्यांची भक्ती होती.

मिटिंग सुटल्यावर मी सरळ इक्बालकडे गेलो. इक्बाल मुजावर हा आमचा धडकवाला. कॉम्प्युटरवर गाड्या ठोकायच्या आणि काय मोडलं ते सांगायचं, हे त्याचं काम. कोल्हापूरचा असल्यामुळे वाईट बातमीही तो मोठ्या प्रेमाने सांगायचा. डावी पट्टी काढून गाडी ठोकून बघ, असं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्याने मला बोलावून घेतलं.

"उजवीकडनं काय फरक न्हाई बघ. पास. पैकीच्या पैकी."

"आणि डावीकडून?"

"डावीकडनं कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरं चित्र उघडलं. पडद्यावर रंगीबेरंगी गाडी डावीकडून हळूहळू आत येत गेली. खांब वाकला. दरवाजा सीटच्या अर्ध्यापर्यंत आला आणि तिथे थांबला.

"हितं कोण बसतं रे?" इक्बालने विचारलं. त्याला माहीत होतंच.

"बायको. नाहीतर आई."

"आमच्यात आईच. मागं बसली की तिला मळमळतंय." त्याने चित्र बंद केलं. "तू कशाला बोललास लेका?"

मी गंमत केली होती. पण हे आता कुणाला सांगणार? त्या तक्त्यावर गमतीसाठी वेगळा रकाना नव्हता. मी साहेबांच्या केबिनमधे गेलो.

"साहेब, ती कल्पना मी मागे घेतो."

"कल्पना मागे घेता येत नाही, ढेरंगे. हरकत घेता येते."

"मग हरकत घेतो."

"आणा." त्यांनी तळहात पुढे केला, जणू वजन माझ्या खिशातच होतं.

"डावीकडून कुणी धडकलं तर दरवाजा माणसाच्या अंगावर येतो, साहेब. इक्बालने करून पाहिलंय."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "खुर्चीवर बसा," म्हणाले. "पुण्यात स्कूटरवर चौघं जातात, बघितलंत ना? पुढे पोरगं उभं, मागे बायको, तिच्या मांडीत दुसरं. त्यांच्या डावीकडे कुठला खांब आहे? त्यांना स्कूटरवरून उतरवून गाडीत बसवायचं तर आधी पेट्रोल झेपलं पाहिजे. तुमची पट्टी ठेवली आणि त्यांनी गाडीच घेतली नाही, तर तुम्ही वाचवलं कुणाला?"

तो प्रश्न मी अजून बरोबर घेऊन फिरतो.

"शनिवारी बारा वाजता ड्रॉइंगं बंद होतील," ते म्हणाले. "तोवर वजन आणलंत तर पट्टी राहील. नाही आणलंत तर सही करा. नाव तुमचंच आहे."

बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात तीन दिवस होते. राजीनामा द्यावा असंही मनात येऊन गेलं. पण मी गेलो असतो तरी पट्टी गेलीच असती, फक्त ती जाताना बघायला मी नसतो. कोणीकडूनही वाट नव्हती. मी माझ्याच तोंडाने स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि किल्ली साहेबांकडे होती.

बुधवारी दुपारपासून मी खात्याखात्यातून फिरू लागलो. वायपरवाल्यांकडे गेलो, त्यांनी हात जोडले. गालिचावाल्यांनी गालिचा उचलून दाखवला, तो आधीच इतका पातळ झाला होता की खालचा पत्रा मोजता आला असता. हॉर्न दोनाचा एक करून झाला होता. जॅकच्या दांड्याला भोकं पाडून झाली होती. वायरिंगच्या देशमाने बाईंनी मला चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शंभर ग्रॅम दिले. आरशातून साठ मिळाले. बॅटरीच्या कंसातून एकशेऐंशी. सगळ्यांना माझं म्हणणं पटत होतं आणि कुणालाच आपला भाग सोडवत नव्हता. मीही माझा सोडत नव्हतोच. शुक्रवारी सकाळपर्यंत माझी झोळी तीनशेचाळीस ग्रॅमवर अडली. बायकोने जेवताना विचारलं, काय झालंय, तर मी तिच्यावर खेकसलो.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास मी शेडमधे उभ्या असलेल्या नमुन्याच्या गाडीत जाऊन बसलो. आधी ड्रायव्हरच्या जागी बसलो, मग डावीकडे. तिथे दरवाजा बरगड्यांना टेकल्याचा भास झाला म्हणून उठलो आणि मागच्या सीटवर गेलो. दरवाजा लावून घेतला, काचा वर होत्या, घामाने शर्ट पाठीला चिकटला. मी वैतागून मागे रेललो आणि कोपर सीटच्या पाठीवर आदळलं. आतून पत्र्याचा आवाज आला.

मी डिकी उघडून मागून पाहिलं. सीटच्या पाठीला मागच्या बाजूने अख्खा पोलादी पत्रा होता. त्याच्या जागी तारेची चौकट आणि पुठ्ठ्यासारखा जाड बोर्ड बसवला तर? तिथेच बसून मी हिशेब केला. दोन किलो चारशेसाठ. माझ्याकडचे तीनशेचाळीस मिळवले की बरोबर दोन किलो आठशे. डोळ्यांत पाणी आलं, इतका आनंद झाला.

मागची सीट ज्योत्स्ना केंजळेची. चार वर्षं आमच्याकडे होती, साताऱ्याकडची, हुशार आणि हट्टी. ती दहा दिवसांच्या रजेवर होती, कारण शनिवारी तिचं लग्न होतं. तिच्या जागी सही करायचा अधिकार तिच्या खातेप्रमुखांना होता आणि त्यांच्या मानगुटीवर त्या आठवड्यात डॅशबोर्ड बसला होता. समोर येईल त्या कागदावर ते सही करत होते.

तरी मी तिला फोन लावला. विचारायलाच लावला होता, हे खरं.

"ढेरंगे सर? बोला ना! आवाज येतोय का? इथे हळद चाललीय!" मागे बायकांचा गलका होता, कुणीतरी बेसूर गात होतं. "काही काम होतं का, सर?"

मी पत्र्याकडे बघत होतो. तो तिथे कशासाठी आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

"नाही गं," मी म्हणालो. "अभिनंदन करायला केला."

"अय्या! तुमच्या लक्षात राहिलं?" आणि मग दुसरीकडे तोंड करून, "आई, आमच्या ऑफिसातले सर आहेत बघ, एवढ्या कामातून फोन केलाय!"

मी फोन ठेवला. दुपारी तीन वाजता तिच्या खातेप्रमुखांची सही घेतली. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही.

शनिवारी मिटिंगमधे मी वजन मांडलं. वाळिंबे साहेबांनी आकडे दोनदा तपासले, मग उठले, टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "हा माणूस हरकत घेऊन आला आणि वजनही घेऊन आला," ते सगळ्यांना म्हणाले. "असं काम पाहिजे." टाळ्या पडल्या. माझी मान ताठ झाली, खोटं कशाला सांगू? पट्टी राहिली होती. डावीकडे बसणारी प्रत्येक बाई, प्रत्येक आई मी वाचवली होती.

बाहेर चहाच्या मशीनपाशी इक्बाल भेटला.

"डिकीत सामान ठेवून एकदा चालवून बघू का? समोरनं धडक?"

"चाचणीत डिकी रिकामी असते."

"त्ये माहीत हाय. आपलं उगं बघू."

"नको, इक्बाल."

"अरं, दोन तासाचं काम..."

"नको म्हणालो ना!"

त्याने कप कचऱ्यात टाकला आणि गेला.

ज्योत्स्ना पुढच्या गुरुवारी आली. हातात हिरवा चुडा, तळव्यावरची मेंदी अजून लाल. सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर ती तिच्या जागेवर बसली आणि अर्ध्या तासाने ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"सर, माझ्या सीटचा पत्रा कुठे गेला?"

मी सगळं सांगितलं. पट्टी, पायरी, शनिवार. फोनचं सांगितलं नाही.

"पण गाडी जोरात थांबली तर डिकीतलं सामान कुठे जाणार?"

"चाचणीत डिकी रिकामी असते," मी म्हणालो. हे वाक्य आता मला सवयीचं झालं होतं.

"लोकांची असते का रिकामी? लोक तांदळाचं पोतं टाकतात, सिलिंडर टाकतात. परवा आम्ही देवाला गेलो तर सासूबाईंनी पितळी समया मागे भरल्या." तिचा आवाज चढला नाही, पण बांगड्या वाजत होत्या. "आणि त्या सामानाच्या पुढे सीटवर पोरं असतात, सर. पुढे बसू नका, मागे बसा, मागे भीती नाही, असं आपणच सांगून बसवतो त्यांना."

मी टेबलावरचं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"हळदीच्या दिवशी फोन केलात, तो याच्यासाठीच होता ना?"

मी मान हलवली.

"विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली.

"म्हणून नाही विचारलं."

"मग मी आता हरकत घेते."

"घे. पण तेवढं वजन घेऊन ये." हे मी बोललो. वाळिंबे साहेबांच्याच शांत आवाजात बोललो, आणि तळहात पुढे केला नाही एवढंच.

ड्रॉइंगं साचे करायला जायला अजून आठवडा होता. तो आठवडाभर ती फिरली. माझी जागा खिडकीपाशी होती, तिथून सगळी खाती दिसायची. ती कोणत्या दारातून आत गेली आणि कसं तोंड घेऊन बाहेर येणार, हे मला आधीच ठाऊक असायचं. माझ्यानंतर तिथे काहीच उरलं नव्हतं. देशमाने बाईंनी तिलाही चहा पाजला म्हणे.

सोमवारी ती माझ्याकडे एकदा येऊन गेली.

"तुमच्या पट्टीतून निम्मं द्या. पट्टी थोडी पातळ करू, माझा पत्रा थोडा पातळ करू. इक्बालला विचारू, जमतंय का."

"नाही जमणार."

"विचारून तर बघू."

"पट्टीला हात लागणार नाही, ज्योत्स्ना."

जमलं असतं की नसतं, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. पट्टी माझी होती, टाळ्या तिच्यावर मिळाल्या होत्या, आणि ती सोडायची म्हटली की पुन्हा त्या मंगळवारच्या खोलीत जाऊन बसायचं होतं. त्याची मला भीती वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, माणसं बसकडे निघाली असताना, ती पुन्हा आली. चेहरा उतरला होता, आवाज नव्हता उतरला.

"वजन मिळालं नाही," ती म्हणाली. "आता हरकत नाही घेता येणार. पण एक काम करा. सीटच्या ड्रॉइंगवर माझं नाव आहे. ते काढा."

"काढून काय घालू?"

"तुमचं."

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात लिहिलेलं असतं, कुणी आखलं. मी फाइल उघडली, केंजळे हे नाव पुसलं आणि ढेरंगे लिहिलं. ती शेजारी उभी राहून अक्षरं बघत होती. प्रिंट निघाली. तिने ती स्वतः उचलून माझ्यासमोर ठेवली आणि सहीची जागा बोटाने दाखवली. मी सही केली. मग ती कागद घेऊन दप्तरखान्यात जमा करायला गेली. बस सुटल्याचं मला खिडकीतून दिसलं, तिची आणि माझी दोघांचीही.

दसऱ्याला गाडी बाजारात आली. मायलेजचा आकडा भल्यामोठ्या अक्षरांत रस्तोरस्ती लागला. गाडी तुफान खपली. वाळिंबे साहेब खोटं बोलले नव्हते, स्कूटरवरची माणसं खरंच त्या गाडीत बसली, मी डोळ्यांनी पाहिलं. ज्योत्स्ना वर्षभराने दुसऱ्या कंपनीत गेली. जाताना तिने सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही घेतला, आणि नीट वागून घेतला.

माझ्या पट्टीमुळे कुणी वाचलं का, मला माहीत नाही. पत्रा नव्हता म्हणून कुणाचं काही झालं का, तेही माहीत नाही. पेपरात अपघाताची बातमी येते तेव्हा डिकीत काय होतं ते कुणी लिहीत नाही. सुरुवातीला मी अशा बातम्या शोधून वाचायचो, मग ते सोडलं. पण सही सुटत नाही. ती गाडी अकरा वर्षं बनत होती आणि प्रत्येक मागच्या सीटच्या कागदावर माझं नाव होतं.

आता त्या गाड्या जुन्या झाल्यात, रंग उडालेत, तरी रस्त्यावर दिसतात. सिग्नलला एखादी माझ्यापुढे येऊन थांबली की मी मागच्या काचेतून डोकी मोजतो. आपसूक मोजली जातात. परवा नाशिक फाट्याला अशीच एक थांबली. डिकी अर्धवट उघडी, दोरीने बांधलेली, आत लोखंडी कपाटाचा दरवाजा आणि त्याच्यावर दोन गोण्या. त्यांच्या पलीकडे एक लहान मुलगी सीटवर गुडघे टेकून उलटी बसली होती, हनुवटी सीटच्या पाठीवर ठेवून. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिने मला टाटा केला. मीही केला. सिग्नल सुटला, ती गाडी निघून गेली, माझ्यामागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि माझा पाय काही क्लचवरून निघेना.